अकरावीचं फिजिक्स आणि कॅलक्युलस: ठाणे-ऐरोली पट्ट्यात अडलेली गणितं कोण सोडवून देईल?

ऐरोलीवाली | १२ जुलै, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत सेमी-इंग्लिश, गणिताची कधी तक्रार नव्हती. आता कॉलेज ठाण्याला, क्लासही ठाण्यालाच, म्हणजे ते इंटिग्रेटेड प्रकरण. सकाळी अंधारात ऐरोलीहून गाडी पकडते, घरी येते तेव्हा दूधवाल्याची दुसरी फेरी झालेली असते.

अडचण अशी की फिजिक्सच्या सरांनी पहिल्या आठवड्यापासूनच डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) आणि इंटिग्रेशन (त्याची उलटी क्रिया) वापरायला सुरुवात केली. गणिताचे सर अजून ट्रिगोनोमेट्रीत आहेत. क्लासमध्ये डाउट काउंटर आहे, पण तिथे रांग इतकी की नंबर लागेपर्यंत गाडी जाते. मग ही प्रश्नाचा फोटो काढते, अ‍ॅपमध्ये टाकते, आलेलं उत्तर वहीत उतरवते. वही सुंदर भरली आहे. परवाच्या टेस्टमध्ये त्यातलंच एक गणित आलं तर पहिल्या ओळीपुढे गेली नाही.

मी बी.कॉम., हे रबाळ्याला शिफ्टमध्ये. आमच्या हातातलं नाही. ऐरोली ते ठाणे या भागात पूर्ण शिकवणी नको, फक्त अडलेलं समजावून सांगणारं कोणी आहे का? आणि ते अ‍ॅप काढून टाकू का?

कालचं अडलेलं गणित असं (^ म्हणजे घात): एक कण सरळ रेषेत जातो, त्याची जागा एक्स = टी^३ − ६टी^२ + ९टी (टी म्हणजे वेळ), मीटर आणि सेकंदात. पहिल्या ४ सेकंदांत त्याने किती अंतर कापलं? अ‍ॅप म्हणतं ४ मीटर. क्लासच्या शीटच्या मागे उत्तर १२. दोघांत कोण खरं, यावरून आमच्याकडे रात्रीचं जेवण थंड झालं.

घोडबंदर_ट्रॅफिक | १२ जुलै, रात्री ११:१५

ताई, घरोघरी मातीच्या चुली. आमचा मुलगा बारावीला आहे. अ‍ॅप काढू नका असं माझं स्पष्ट मत. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं, उणे गुण नाहीत. तिथे कोणी पायऱ्या बघत नाही. शंभर गणितांची उत्तरं डोळ्यांखालून गेली की पॅटर्न आपोआप बसतो. समजून वगैरे घ्यायला इंजिनिअरिंगची चार वर्षं आहेतच की.

चहा_बिस्किट | १२ जुलै, रात्री ११:२१

चार वर्षं आहेत म्हणून मीही थांबलो होतो. अजून थांबलोय.

निवृत्त_नौपाडा | १३ जुलै, सकाळी ६:०५

ऐरोलीवाली, दोघांनाही खोटं ठरवू नका. अ‍ॅपने वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं आहे.

मुलीला कोरा कागद द्या आणि कॅलक्युलस बाजूला ठेवायला सांगा. टीच्या जागी ०, १, २, ३, ४ घालून एक्स काढू दे. येईल ०, ४, २, ०, ४. आता एक आडवी रेघ मारून त्यावर हे बिंदू बोटाने फिरू दे. कण ४ मीटरपर्यंत गेला, उलटा फिरून शून्यावर आला, पुन्हा ४ वर गेला. चार, चार आणि चार.

सुरुवात शून्यावर, शेवट ४ वर, म्हणून डिस्प्लेसमेंट ४ मीटर. वेगाचं ० ते ४ असं सरळ इंटिग्रेशन केलं की हेच हाती लागतं, कारण परतीचा प्रवास त्यात वजा होतो. तलावपाळीला चक्कर मारून त्याच बाकावर येऊन बसलात तर डिस्प्लेसमेंट शून्य, पण पाय दुखायचे ते दुखतातच. अंतर हवं असेल तर वेग कुठे उलटतो ते आधी शोधायचं. वेग व्ही म्हणजे एक्सचं डेरिव्हेटिव्ह: व्ही = ३टी^२ − १२टी + ९ = ३(टी − १)(टी − ३). म्हणजे टी = १ आणि टी = ३ ला तुकडे पाडायचे, तिन्ही तुकडे वेगळे काढून चिन्ह न बघता बेरीज करायची.

जाता जाता तिला सरासरी वेग आणि सरासरी चाल दोन्ही काढायला सांगा. एक येईल १ मीटर प्रति सेकंद, दुसरी ३. हे दोन आकडे वेगळे का, हे तिने तिच्या शब्दांत सांगितलं तर धडा झाला समजा.

घोडबंदर साहेब, तुमचा पॅटर्न नेमका याच ठिकाणी दगा देतो. ऑब्जेक्टिव्ह पेपरात ४ आणि १२ हे दोन्ही पर्याय छापलेले असतात. पेपर काढणाऱ्याला पोरं कुठे घसरतात ते पक्कं ठाऊक असतं. आम्ही तेच तर करायचो.

सीवूड्सचा_सुभ्या | १३ जुलै, सकाळी ९:३०

काकांना दंडवत. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. अकरावीच्या मुलांना जुलैत हा धक्का बसतो कारण फिजिक्स आणि गणिताची वेळापत्रकं जुळत नाहीत. राज्य मंडळाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक २०१९ ला बदललं, त्यात दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे. व्हेक्टर आणि लागेल तेवढं कॅलक्युलस दोन्ही त्यात दिलंय, म्हणजे गणिताच्या सरांची वाट बघायला नको. पण बहुतेक ठिकाणी तो धडा "हे तुम्ही मॅथ्समध्ये करालच" म्हणत ओलांडतात, आणि गणितात डेरिव्हेटिव्ह येतं ते थेट पार्ट टूच्या शेवटाकडे. इंटिग्रेशन तर बारावीलाच. तोवर फिजिक्सचं मेकॅनिक्स उरकलेलं असतं.

पुस्तक बालभारतीच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. त्या धड्यातला कॅलक्युलसचा भाग शनिवार-रविवारी बसून करून टाका. अकरावीच्या फिजिक्सला खरं तर फार लागत नाही. घातांकाचं (एक्स^एन) डेरिव्हेटिव्ह, साइन-कॉसचं, चेन रूल. उलट्या बाजूने घातांकाचं इंटिग्रेशन आणि एक भागिले एक्सचं. बाय पार्ट्स वगैरेच्या नादी आत्ता लागूच नका.

ऐरोलीवाली | १३ जुलै, संध्याकाळी ७:१२

काका, मी लेक बोलतेय, आईच्या अकाउंटवरून. रेघ मारून बोट फिरवलं, समजलं. १२ आलं. पण दरवेळी आकडे घालून कसं बघणार? आकडे घालताना टी = १, ३ नेमके सापडले नाहीत तर? मग नियम असा का की व्ही = ० करायचं, जे टी येतील तिथे तुकडे पाडायचे?

निवृत्त_नौपाडा | १३ जुलै, रात्री ८:४०

नियम जवळजवळ बरोबर. एक्स = (टी − २)^३ घे. व्ही = ३(टी − २)^२. टी = २ ला वेग शून्य होतो. कण तिथे उलटतो का? टी = १.९ आणि टी = २.१ ला वेगाचं चिन्ह बघ आणि मला सांग.

ऐरोलीवाली | १३ जुलै, रात्री ८:५२

दोन्हीकडे प्लस. म्हणजे थांबला आणि तसाच पुढे गेला. म्हणजे शून्य नाही, चिन्ह बदलतं का ते बघायचं.

निवृत्त_नौपाडा | १३ जुलै, रात्री ८:५५

हं.

गुरुकृपा_होम_ट्यूशन | १३ जुलै, रात्री ९:१०

खात्रीशीर निकाल!! अकरावी-बारावी फिजिक्स मॅथ्स, वाशी ते ठाणे घरपोच, डेमो फ्री. संपर्क: [संपादकीय: क्रमांक काढला आहे. जाहिरातींसाठी वेगळा विभाग आहे, कृपया तिथे लिहा.]

पाचपाखाडी_पुन्हा | १४ जुलै, दुपारी १:३३

मूळ प्रश्नाकडे. पूर्ण शिकवणी नको असेल तर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरची मुलं बघा. ऐरोलीतच इंजिनिअरिंग कॉलेज आहे, ठाण्याच्या बाजूलाही आहेत. या मुलांचं मॅथ्स ताजं असतं, तासावर पैसे घेतात, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः याच दगडांना ठेचकाळून नुकतीच पुढे गेलेली असतात. आमच्या सोसायटीत तिघा-चौघांनी मिळून अशी एक मुलगी ठरवली आहे. रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये दोन तास. अट तिचीच आहे: गणित आणायचं ते स्वतः अर्धवट सोडवून, नाहीतर पुढच्या रविवारी या. पहिल्या महिन्यात पोरं चिडली होती. आता तिच्याकडे येण्याआधीच एकमेकांत निम्मी गणितं सुटतात आणि ती बिचारी चहा पीत बसते.

मुलगा असो की मुलगी, ठरवण्याआधी एक गणित समोर बसून सोडवून घ्या. जो लगेच पेन हिसकावून स्वतः लिहायला लागतो तो नको.

घोडबंदर_ट्रॅफिक | १४ जुलै, रात्री ९:४७

ठीक आहे, मान्य, पण मग माझ्या चिरंजीवाचंही घ्या. बारावी, मॅथ्स पार्ट टू, अ‍ॅप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्ह. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकून आहे. पाया १.२ मीटर प्रति सेकंदाने भिंतीपासून लांब ओढला जातो. पाया भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतं? हे त्याला आलं: ०.९. पण तो म्हणतो, शिडी जमिनीला टेकताना काय होतं? सूत्रात घातलं तर वेग अनंत येतो. क्लासच्या सरांनी "एवढा विचार करू नको, हे विचारत नाहीत" म्हणून गप्प केलं. आता तो मला विचारतोय आणि मी धाग्याला.

सीवूड्सचा_सुभ्या | १४ जुलै, रात्री १०:२०

वा, पोराला माझ्यातर्फे वडापाव.

बाकीच्यांसाठी आधी सोपा भाग. पायाचं भिंतीपासूनचं अंतर एक्स, टोकाची उंची वाय, म्हणून एक्स^२ + वाय^२ = २५. दोन्ही बाजू वेळेने डिफरन्शिएट केल्या की एक्स × डीएक्स/डीटी + वाय × डीवाय/डीटी = ०. एक्स ३ तर वाय ४, म्हणून डीवाय/डीटी = −(३/४) × १.२ = −०.९. उणे म्हणजे खाली. आता वाय शून्याकडे गेलं की एक्स/वाय फुगत जातं. एक्स ४.८ ला वाय १.४ असतं, तिथेच वेग ४.१ च्या वर गेला. शेवटच्या क्षणी अनंत. गणित म्हणून चूक काही नाही. पण खऱ्या शिडीचं टोक प्रकाशापेक्षा वेगाने जमिनीवर आपटत नाही, हे मी रंगाऱ्यांच्या कृपेने पाहिलेलं आहे.

निवृत्त_नौपाडा | १५ जुलै, सकाळी ६:१५

वडिलांचं नाव मोठं करणार हा. "विचारत नाहीत" हे उत्तर देणाऱ्यांवर मी काही लिहीत नाही, सकाळची वेळ आहे.

त्या समीकरणाने एक गोष्ट गृहीत धरली आहे: टोक शेवटपर्यंत भिंतीला चिकटलेलं आहे. पण भिंत शिडीला फक्त ढकलू शकते, खेचून घेऊ शकत नाही. मग प्रश्न असा की भिंतीची गरज कधी संपते?

पायाबरोबर त्याच वेगाने चालणाऱ्या माणसाच्या जागेवरून बघ. पायाचा वेग एकसारखा आहे, त्यामुळे न्यूटनचे नियम त्यालाही तसेच लागू. त्याला पाया स्थिर दिसतो, शिडी पायाभोवती फिरत पडताना दिसते आणि भिंत लांब सरकताना दिसते. भिंत नसती तर शिडी स्वतःच्या वजनाने किती अँग्युलर अ‍ॅक्सिलरेशनने (फिरण्याचा वेग वाढण्याच्या दराने) पडली असती? बारावीच्या पहिल्याच धड्यात रोटेशनल डायनॅमिक्स आहे. एकसारख्या दांड्याचा टोकाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्याला होणारा विरोध) एमएल^२/३, वजनाचा टॉर्क (फिरवणारा जोर) एमजी × (एल/२) × कॉस थीटा. भागाकार केला की (३जी/२एल) × कॉस थीटा. थीटा म्हणजे शिडीचा जमिनीशी कोन, एम वस्तुमान, एल लांबी, जी गुरुत्व त्वरण, आणि पुढे येणारा व्ही पायाचा वेग.

आता भिंतीला चिकटून राहायला किती लागतं? एल × कॉस थीटा = एक्स. हे दोनदा डिफरन्शिएट कर. येईल व्ही^२ × कॉस थीटा / (एल^२ × साइन^३ थीटा). शिडी उभी असताना हा आकडा इवलासा असतो. शिडीला जास्त जोरात पडायचं असतं आणि भिंत तिला अडवून धरते. थीटा कमी होत गेला की साइनचा घन झपाट्याने लहान होतो आणि हा आकडा वाढत जातो. दोन्ही सारखे झाले तिथे भिंतीचं काम संपलं. कॉस थीटा दोन्हीकडून गेला, उरलं साइन^३ थीटा = २व्ही^२ / (३जीएल).

व्ही १.२, एल ५, जी ९.८ घाल. उजवी बाजू सुमारे ०.०१९६. घनमूळ ०.२७. म्हणजे टोक जमिनीपासून साधारण १.३५ मीटरवर आलं की भिंत सोडतं, तेव्हा त्याचा वेग ४.३ च्या आसपास. तिथून पुढे पुस्तकातलं समीकरण लागूच होत नाही, शिडी आपली आपण पडते. अनंत तिच्या वाटेत येतच नाही.

भिंत गुळगुळीत आणि शिडी सगळीकडे सारख्या वजनाची धरली आहे. वर चढलेला रंगारी धरलेला नाही.

चहा_बिस्किट | १५ जुलै, सकाळी ८:०२

रंगाऱ्याला धरा हो कोणीतरी.

घोडबंदर_ट्रॅफिक | १५ जुलै, रात्री १०:३०

चिरंजीवांनी दोनदा डिफरन्शिएट करायला दोन पानं खर्ची घातली, पण आलं. आता म्हणतो वेग दुप्पट केला तर शिडी कुठे सुटेल. उंची व्हीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते म्हणे. सीईटीला हे येणार नाही, हे मी नोंदवून ठेवतो. पण रात्री साडेदहाला तो फोनवर नाही, वहीवर आहे, हेही नोंदवतो.

तिसरी_खिडकी | १६ जुलै, सकाळी ११:०५

अ‍ॅपबद्दल कोणी नीट बोललंच नाही. मी कोपरखैरण्याला घरी मुलांना शिकवते. माझ्या मुलांना चॅटबॉट वापरू देते, पण आधी स्वतःची पानभर कृती टाइप करायची आणि मग लिहायचं: "उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चुकलेली ओळ कोणती तेवढंच सांग." नुसता प्रश्नाचा फोटो टाकला की मिळते ती दुसऱ्याची वही. शिवाय बॉट कधी कधी ठाम स्वरात चुकीचं सांगतो, तेव्हा आलेलं उत्तर युनिट लावून आणि एखादा सोपा आकडा घालून तपासायचं. अंतराचं उत्तर सेकंदात आलं तर तो बॉट असो की बृहस्पती, चूक ती चूक.

आलेख बघायला जिओजेब्रा फुकट आहे. ऐरोलीच्या मुलीने तो टी^३ वाला आलेख त्यात काढून बघावा, आणि खाली वेगाचाही. वेगाचा आलेख आडव्या रेषेच्या खाली जातो तेवढाच परतीचा प्रवास. एकदा डोळ्यांनी दिसलं की विसरत नाही.

सीवूड्सचा_सुभ्या | १६ जुलै, दुपारी १२:४०

+१. अवांतर: ज्यांना यात खरंच गोडी लागली त्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची साइट बघावी. ऑलिंपियाडचे जुने पेपर तिथे मिळतात. वाशीहून खाडी ओलांडली की पहिल्याच स्टेशनला, पण गृहपाठ घेऊन जाऊ नका, ते काम त्यांचं नाही.

ऐरोलीवाली | १९ जुलै, रात्री ९:२५

पुन्हा लेक. सुभ्यादादा, दुसरा धडा केला. आज हे अडलं, माझी कृतीही टाकते.

बोटीचं इंजिन बंद केलं तेव्हा वेग १० मीटर प्रति सेकंद. पाण्याच्या अडथळ्यामुळे त्वरण ए = −०.५ × व्ही (व्ही म्हणजे वेग). बोट किती अंतर जाऊन थांबेल?

मी आधी व्ही = यू + एटी लावणार होते, पण ए बदलतोय म्हणून ते चालणार नाही. मग ए = व्ही × डीव्ही/डीएक्स घेतलं. व्ही × डीव्ही/डीएक्स = −०.५ × व्ही. दोन्हीकडचा व्ही गेला, डीव्ही/डीएक्स = −०.५. म्हणून व्ही = १० − ०.५एक्स, व्ही शून्य केला, एक्स = २० मीटर. शीटशी जुळतं.

पण मला किती वेळात थांबेल तेही बघायचं होतं. डीव्ही/डीटी = −०.५ × व्ही वरून व्हीचा लॉग आला आणि व्ही = ० घातल्यावर शून्याचा लॉग. तो निघत नाही. कुठे चुकले?

पाचपाखाडी_पुन्हा | १९ जुलै, रात्री ९:४०

चुकली नाहीस. या नियमाने बोट कधीच पूर्ण थांबत नाही. वेग = १० × ई^(−०.५टी), कमी कमी होत जातो पण शून्य होत नाही. ६ सेकंदांनी वेग अर्धा मीटर प्रति सेकंद उरतो आणि १९ मीटर झालेले असतात. उरलेला एक मीटर संपवायला तिला अनंत वेळ लागतो.

ऐरोलीवाली | १९ जुलै, रात्री ९:४४

अंतर २० मीटर आणि वेळ अनंत? दोन्ही एकदम कसं?

निवृत्त_नौपाडा | २० जुलै, सकाळी ६:१०

पहिल्या सेकंदात किती मीटर गेली ते काढ. मग दुसऱ्या सेकंदात, तिसऱ्या सेकंदात. प्रत्येक आकड्याला आधीच्याने भाग आणि काय दिसतं ते लिही. दहावीत गणिती श्रेढी शिकलात, अकरावीच्या गणितात सिक्वेन्स अँड सिरीज येतील, त्याची सुरुवात इथेच होऊ दे.

आणि खाडीतली खरी बोट हवेने, प्रवाहाने ढकलली जाते, तिचं शीटवरच्या नियमाशी शेवटच्या अर्ध्या मीटरला पटत नाही. ते तुझ्या आईला सांग, म्हणजे जेवण थंड होणार नाही.

ऐरोलीवाली | २० जुलै, संध्याकाळी ६:५०

पहिल्या सेकंदात ७.८७, दुसऱ्यात ४.७७, तिसऱ्यात २.९०. भागाकार दर वेळी ०.६१ च्या जवळ. चौथा काढतेय.

(आई लिहितेय: पाचपाखाडीवाल्या ताई, त्या रविवारच्या गटात एक जागा आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.)